कुत्र्याचे सुजलेले सांधे, चिनी गोळ्या आणि मध्येच थांबवलेलं स्टिरॉइड

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि पलीकडच्या गडहिंग्लज-चंदगडहून येणाऱ्या पत्रांत सध्या एकच गोष्ट फिरून फिरून येते. कुत्र्याचे सांधे सुजले, डॉक्टरांनी ‘इम्यून-मीडिएटेड पॉलीआर्थरायटिस’ (प्रतिकारशक्ती उलटून अनेक सांध्यांना येणारी सूज) असं लिहून स्टिरॉइड सुरू केलं, आणि घरातल्या कुणीतरी चिनी जडीबुटीच्या गोळ्या मागवल्या. आता काय करू? प्रत्येकाला वेगळं कळवण्यापेक्षा निवडक प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. औषधाची मात्रा मी छापणार नाही, कृपया विचारू नका. एका कुत्र्यासाठी लिहिलेली मात्रा आपल्याकडे गल्लीतल्या चार कुत्र्यांना दिली जाते, हे मी रोज बघते.

प्रश्न (अनगोळ): आमचा लॅब्राडोर चार वर्षांचा आहे. सोमवारी पुढच्या उजव्या पायानं लंगडालाय म्हणून पंजा बघितला, काटा नाही, काही नाही. गुरुवारी मागचा डावा पाय धरला. आता उठायलाच मागत नाही, ताप 104 आहे. एक्स-रे मात्र चांगला आला. मग हा संधिवात कसा?

उत्तर: एक्स-रे चांगला आला म्हणून सांधे चांगले आहेत असं होत नाही. म्हातारपणी सांधे झिजतात तो आजार वेगळा. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. पांढऱ्या पेशी सांध्यात उतरतात, सूज येते, ताप येतो आणि सगळं अंग आखडतं. यातल्या बहुतेक कुत्र्यांचं हाड खात नाही, त्यामुळे एक्स-रेत थोडी सूज दिसली तर दिसते, नाहीतर तीही नाही. आज हा पाय, उद्या तो, पुढच्या पायाची मनगटं आणि मागचे घोटे दाबले की तोंड फिरवणं, उठताना कुंथणं आणि अँटिबायोटिक देऊनही न उतरणारा ताप, हे सगळं एकत्र दिसलं की या आजाराची शंका घ्यायची. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे तुमच्या कुत्र्याचा 104 हा खरा ताप आहे.

निदान होतं ते सांध्यातलं पाणी काढून. या तपासणीला लोक विनाकारण घाबरतात. कुत्र्याला गुंगी देतात, केस कापून कातडी स्वच्छ करतात आणि बारीक सुईनं तीन-चार सांध्यांतून थोडे थेंब घेतात. निरोगी सांध्यातलं पाणी सुईच्या टोकावरून स्लाइडवर सोडताना एकतारी पाकासारखी तार धरतं, इंचभर लांबतं आणि मग तुटतं. आजारी सांध्यातलं पाणी तार धरतच नाही. पातळ, गढूळ थेंब सरळ खाली पडतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. निरोगी पाण्यात न्यूट्रोफिल नावाच्या पेशी अगदी थोड्या असतात, या आजारात त्यांचीच गर्दी दिसते. पण त्या गर्दीत जंतू नाहीत ना, हेही बघावं लागतं, म्हणून पाण्याचं कल्चर करतात.

इथवर आल्यावरही काम अर्धंच होतं. प्रतिकारशक्ती कशामुळे बिथरली ते शोधायचं राहतं. गोचिडाचा ताप, हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग, आतड्याचा जुना आजार, कुठेतरी लपलेली गाठ किंवा एखादं औषध यातलं काहीही मागे असू शकतं. सल्फा गटातल्या औषधांनी असे सांधे सुजतात, डोबरमनमध्ये तर ते विशेष माहीत आहे. म्हणून रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी सांगतात. ते बिल वाढवायला नाही. काहीच सापडलं नाही, तरच ‘कारण अज्ञात’ म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं सुरू होतात.

एक विनंती. लंगडताना बघून कुणी ‘एक डेक्साचं इंजेक्शन मारू, बघू’ म्हणालं तर नको म्हणा. डेक्सा हेही स्टिरॉइडच, त्या इंजेक्शननं कुत्रा दोन दिवस पळेल, सांध्यातल्या पाण्याचा तपास बिघडेल आणि आत संसर्ग असेल तर तो मोकाट सुटेल. आधी पाणी काढा, मग स्टिरॉइड.

प्रश्न (वडगाव): घरात लहान मुलं आहेत. हा सांधेदुखीचा आजार मुलांना लागतो का?

उत्तर: नाही.

प्रश्न (संकेश्वर): आमच्या गावात सगळ्यांना चिकनगुनिया झाला होता तेव्हा असेच सांधे धरले होते. कुत्र्यालाही चिकनगुनियाच झालाय असं शेजारी म्हणतात. त्यावरचा काढा देऊ का?

उत्तर: शेजाऱ्यांचं ऐकू नका आणि काढा देऊ नका. कुत्र्याचे सांधे सुजले की पशुवैद्यक चिकनगुनिया शोधत नाहीत, गोचिडाचे आजार शोधतात. रक्त तपासून घ्या.

प्रश्न (निपाणी): आमच्याकडे गोचीड फार. वडील जनावरांना लावतात तसं तंबाखूचं पाणी कुत्र्यालाही लावतात. आता कुत्रा लंगडतो, डॉक्टरांनी टिक फीव्हर सांगितला. प्रतिकारशक्ती वाढवायला चिनी औषध सुरू केलं तर गोचिडाचा ताप लवकर जाईल ना?

उत्तर: तंबाखूचं पाणी आजपासून बंद. निकोटीन कातडीतून आत जातं, आणि कुत्रा अंग चाटतो म्हणून पोटातही जातं. लाळ गळणं, उलटी, थरथर, झटके हे सगळं त्यानं होऊ शकतं. लावल्यावर असं काही दिसलं तर साबणाच्या पाण्यानं अंग धुऊन लगेच दवाखान्यात न्या. गोचिडासाठी कुत्र्याच्या वजनाप्रमाणे गोळ्या आणि मानेवर टाकायचे थेंब मिळतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. जनावरांच्या गोठ्यात फवारायचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्यावर ओतणं हाही तसाच धोका.

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड एर्लिकिया नावाचा जंतू पसरवतो. त्यानं ताप येतो, प्लेटलेट उतरतात, नाकातून रक्त येऊ शकतं आणि सांधेही सुजतात. त्याचं औषध डॉक्सीसायक्लिन, आणि कोर्स साधारण 28 दिवसांचा. पाचव्या दिवशी कुत्रा जेवायला लागतो आणि घरचे गोळ्या बंद करतात, इथेच घोळ होतो. गोळी जेवणाबरोबर द्या, पण दुधाबरोबर नको, दुधातल्या कॅल्शियममुळे औषध नीट अंगात जात नाही. आणि हा गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर नसतो. रक्त पिऊन फुगलेली मादी उतरते आणि भिंतीच्या फटीत, गोठ्याच्या दगडांत, गादीच्या शिवणीत हजारो अंडी घालते. कुत्रा साफ केला आणि फटी तशाच ठेवल्या तर महिन्यात पुन्हा तेच.

चिनी औषधाबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. तुमच्यापुरतं इतकंच, की जंतू मारायचं काम डॉक्सीसायक्लिनचं आहे. त्यात भर घालायची नाही आणि मध्येच सोडायचंही नाही.

प्रश्न (टिळकवाडी): माझ्या सहा वर्षांच्या पॉमेरेनियनला हा आजार निघाला. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू होतं, दीड महिना झाला होता. मुलानं ऑनलाइन चिनी हर्बल गोळ्या मागवल्या, पूर्ण नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही म्हणून. दोन दिवसांत राणी जिना चढायला लागली! मग आम्ही स्टिरॉइड बंदच केलं. गोळ्या तीन आठवडे पुरल्या. त्या संपून चार दिवस झाले, आता उलट्या करते, मान टाकून पडून आहे. दुसरी डबी यायला आठवडा लागेल. तोवर काय देऊ?

उत्तर: काहीही देऊ नका, हे वाचत असाल त्या क्षणी तिला दवाखान्यात न्या. चिनी गोळ्यांची रिकामी डबी, पिशवी, पावती सगळं बरोबर घ्या. स्टिरॉइड कधी सुरू केलं, किती होतं, कोणत्या तारखेला बंद केलं हे कागदावर लिहून द्या. बाकीच्यांनी पुढचं नीट वाचा, कारण हे पत्र एकट्या टिळकवाडीचं नाही.

पहिली गोष्ट स्टिरॉइड एकदम बंद करण्याची. मूत्रपिंडांच्या शेजारी दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून आठवड्यामागून आठवडे गोळी जात राहिली की त्या ग्रंथी काम थांबवतात. गोळी एकदम बंद केली तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. कुत्रा उलट्या करतो, गळून जातो, रक्तदाब पडतो, वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर दगावतो. म्हणून प्रेडनिसोलोन पायरीपायरीनं, आठवड्यांच्या आणि बहुतेक वेळा महिन्यांच्या हिशेबानं उतरवतात. ‘बरं वाटतंय’ हे ते थांबवायचं कारण नाही. बरं वाटतंय ते त्याच गोळीमुळे.

दुसरी गोष्ट त्या दोन दिवसांची. मुळ्यांची भुकटी असा जोरात चाललेला आजार दोन दिवसांत बसवत नाही. दोन दिवसांत असं उठवतं ते स्टिरॉइड किंवा कडक वेदनाशामक. माझा संशय स्पष्ट सांगते: त्या गोळ्यांत तेच मिसळलेलं असू शकतं. 1998 मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातल्या तपासणीत दुकानांत मिळणारी 260 आयात आशियाई औषधं बघितली गेली. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश औषधांत लेबलवर न लिहिलेली ॲलोपॅथीची औषधं किंवा शिसं, पारा, आर्सेनिक यांसारखे धातू निघाले. राणी तीन आठवडे त्या गोळ्यांवर ठीक होती आणि त्या संपल्यावर कोसळली. या क्रमानं माझा संशय वाढतो. खात्री रक्ततपासणीनंच होईल.

अशा गोळ्या लोक मला आणून दाखवतात. काळ्या, मिरीपेक्षा बारीक, झिपच्या पिशवीत शंभर-दोनशे एकत्र. पिशवीवर ड्रॅगनचं किंवा डोंगराचं चित्र, चिनी अक्षरं, आणि त्यावर इथल्याच कुणीतरी चिकटवलेला ‘दिवसातून तीन वेळा पाच गोळ्या’ असा कागद. कुठली वनस्पती, किती, कोणत्या कारखान्यात, कोणत्या तारखेला, काहीच नाही. पाच किलोच्या पॉमेरेनियनलाही पाच आणि पस्तीस किलोच्या लॅब्राडोरलाही पाच. विकणाऱ्याला कुत्र्याशी देणंघेणं नाही हे त्या एका कागदावरून कळतं.

आता खऱ्या चिनी औषधाबद्दल, कारण ते आणि ही पिशवी एक नव्हे. चिनी वैद्यक सांधेदुखीला वारा, थंडी आणि ओल यांनी आलेला अडथळा मानतं. त्यावरचा एक प्रसिद्ध योग ‘दु हुओ जी शेंग थांग’ हा सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या वैद्याच्या ग्रंथातला आहे. त्यात 15 द्रव्यं आहेत आणि तो आजही माणसांना व प्राण्यांना देतात. ही परंपरा मोठी आहे, तिचा मला आदर आहे. पण वारा-थंडी-ओल या निदानात गोचिडाचा जंतू, सांध्यातला पू आणि पोटातली गाठ वेगळी पडत नाही, आणि आपल्या कुत्र्याचा जीव नेमका त्या फरकावर अवलंबून असतो. जिच्या भरवशावर प्रेडनिसोलोन सोडून द्यावं अशी एकही चिनी वनस्पती या आजारात सिद्ध झालेली नाही.

त्यातल्या काही वनस्पती तर सरळ धोक्याच्या आहेत. संधिवाताच्या चिनी औषधांत ‘लेई गोंग तेंग’ नावाच्या वेलीचं मूळ येतं. ते खरंच प्रतिकारशक्ती दाबतं. माणसांच्या संधिवातावर अमेरिकेत त्याची रीतसर चाचणी झाली आणि 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले, परिणाम दिसलाही. पण तीच वेल यकृत, मूत्रपिंड आणि अस्थिमज्जेला इजा करते, प्रजननशक्ती घालवते, आणि औषध व विष यांत तिचं अंतर फार थोडं आहे. कुत्र्यासाठी तिची सर्वमान्य मात्रा नाही. दुसरं द्रव्य म्हणजे ‘फू झी’, म्हणजे आपल्या बचनागाच्या जातीचं मूळ. नीट शोधन झालं नसेल तर हृदयाचे ठोके बिघडवून मारतं. आपल्याकडचे वैद्य बचनागाला किती जपून हात लावतात ते विचारून बघा.

तिसरं ‘फांग जी’. 1990 च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या औषधात या मुळीऐवजी दुसरीच मुळी गेली. ती होती आपल्या सापसंदच्या कुळातली, ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेली. शंभराहून अधिक लोकांची मूत्रपिंडं त्यात गेली, पुढे अनेकांना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. पहिला अहवाल 1993 मध्ये आला. तिथे तर शिकलेले डॉक्टर ते औषध लिहून देत होते. आपण झिपच्या पिशवीवर विश्वास ठेवतो.

आणि जेष्ठमध. साधा, घरोघरी असलेला, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. चिनी योगांत तो जवळजवळ सगळीकडे असतो. शरीर स्टिरॉइडला निकामी करतं ते काम जेष्ठमध अडवतो, त्यामुळे चालू गोळीचा जोर वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. ‘हुआंग ची’सारख्या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या मुळ्यांचं उलटं. जी शक्ती उलटली म्हणून आपण दाबतोय, तिलाच खतपाणी का घालायचं? ‘इम्युनिटी बूस्टर’ हे शब्द ज्या डबीवर असतील ती डबी या आजाराच्या कुत्र्याच्या घरात नको.

ज्यांनी अशी गोळी सुरू केली आहे त्यांनी आता घाबरून तीही एकदम बंद करू नये. तिच्यात स्टिरॉइड असेल तर तोच प्रसंग येईल. कुत्रा ठीक दिसत असला तरी आज-उद्या डॉक्टरांकडे जा, त्यांना ती दाखवा आणि त्यांच्या सांगण्यानुसार थांबवा.

प्रश्न (शहापूर): चिनी नको तर आपलं आयुर्वेदिक द्यावं का? गुळवेल परसात आहे, अश्वगंधा आहे, शल्लकीच्या गोळ्या मिळतात.

उत्तर: वनस्पतीला देश नसतो, जो नियम तिकडच्या मुळीला तोच इकडच्या. गुळवेल, ज्याला इथे अमृतबळ्ळी म्हणतात, प्रतिकारशक्ती चेतवायलाच देतात. या आजारात आपल्याला ते नको आहे. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या माणसांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ते यकृताचं दुखणंही प्रतिकारशक्ती उलटल्यासारखंच होतं. त्यावर बराच वाद झाला, आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर ज्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती आधीच बिथरली आहे त्याच्यावर मी ही शंका तपासून बघणार नाही. अश्वगंधेलाही तेच लागू. शल्लकीचा अभ्यास कुत्र्यांवर झालाय, पण झिजलेल्या सांध्यांसाठी. हा आजार तो नव्हे. दारुहळदीतल्या बर्बेरिन या द्रव्यामुळे सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबायच्या औषधाची रक्तातली पातळी वाढते, म्हणून ते औषध चालू असेल तर दारुहळदीचा काढाही नको. देत असाल ते सगळं डॉक्टरांना सांगा. ‘ते तर घरचंच आहे’ म्हणून लपवलेली गोष्टच आम्हाला नंतर शोधत बसावी लागते.

प्रश्न (हुक्केरी): रविवारी दवाखाना बंद होता. मेडिकलवाल्यानं डायक्लोफिनॅकची अर्धी गोळी द्या म्हणून सांगितलं. स्टिरॉइड चालूच आहे. कुत्रा शांत झोपला. गरज पडली तर पुन्हा देऊ?

उत्तर: नाही, कधीच नाही. स्टिरॉइड आणि वेदनाशामक एकत्र गेलं की पोटात आणि आतड्यात व्रण पडतात, फुटतात, कुत्रा आतल्या आत रक्त गमावतो. शी काळी आणि चिकट झाली, उलटीत रक्त आलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर वेळ नाही हे समजा. स्टिरॉइड नसतानाही माणसांचं डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेन कुत्र्याला झेपत नाही. पॅरासिटामॉलही अंदाजानं द्यायचं औषध नव्हे. गुरांना डायक्लोफिनॅक देण्यावर तर आपल्या देशात 2006 पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं संपली. मेडिकलवाल्याला कुत्र्याचं औषध विचारू नका. तो चांगला माणूस असेल, पण हे त्याचं काम नाही.

प्रश्न (खानापूर): घोरपडीचं तेल सांध्याला चोळलं तर सूज उतरते असं जंगलाकडचे लोक सांगतात. चिनी लोक वाघाचं हाडही वापरतात म्हणे.

उत्तर: घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. तेल विकणारा आणि घेणारा दोघे गुन्हेगार. औषध म्हणून त्याचा उपयोग शून्य, कुत्रा ते चाटतो ते वेगळंच. वाघाच्या हाडाचा व्यापार खुद्द चीननं 1993 मध्ये बंद केला. तुमच्याच तालुक्यात भीमगडचं अभयारण्य आहे. असं काही विकायला कुणी आलं तर वनखात्याला कळवा.

प्रश्न (गोकाक): बटाटा, हरभऱ्याची डाळ, वातूळ पदार्थ बंद करावेत का?

उत्तर: या आजाराशी त्यांचा संबंध नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे मात्र कुठल्याच कुत्र्याला नकोत. वजन वाढू देऊ नका.

प्रश्न (चिकोडी): स्टिरॉइडमुळे आमचा कारवानी जातीचा कुत्रा रात्रभर पाणी पितो, घरात मुततो, सारखा खायला मागतो, पोट सुटलंय आणि मांड्या वाळल्या. घरचे म्हणतात यापेक्षा रोग परवडला. हे किती दिवस चालणार?

उत्तर: तुमचा त्रास खरा आहे आणि तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. बरेच लोक सांगत नाहीत, मनातल्या मनात वैतागतात आणि एक दिवस गोळी बंद करतात. तहान, लघवी, भूक, धापा टाकणं हे प्रेडनिसोलोनचे ठरलेले परिणाम आहेत, मात्रा उतरेल तसे ते कमी होतात. तोवर पाणी अजिबात तोडू नका. रात्री एकदा जास्त बाहेर न्या, गोळी सकाळी जेवणाबरोबर द्या, खाणं मोजून घाला. मुधोळकडचे हे शिकारी कुत्रे मुळात सडपातळ, त्यांच्या मांड्यांचं मांस उतरलेलं लगेच डोळ्यांत भरतं.

त्रास सोसवत नसेल तर स्टिरॉइड कमी करता यावं म्हणून दुसरं औषध जोडता येतं. ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड, सायक्लोस्पोरिन असे पर्याय आहेत. प्रत्येकाचा खर्च वेगळा, प्रत्येकाला ठरावीक अंतरानं रक्त तपासावं लागतं, कारण यकृत आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवायचं असतं. कुठलं, ते तुमच्या कुत्र्याला बघणारे डॉक्टर ठरवतील.

किती दिवस? बहुतेक कुत्री सुरुवातीला आठवडा-दोन आठवड्यांत सुधारतात, पण औषध उतरवायला तीन-चार महिने किंवा जास्त लागतात. काहींचा आजार मध्येच उसळतो, काहींना कमी मात्रेत औषध कायम लागतं. उसळी येते ती बहुधा घाईनं उतरवल्यावर. शक्य असेल तर मात्रा कमी करण्याआधी सांध्यातलं पाणी पुन्हा बघावं. नाहीतर निदान सीआरपी ही रक्ततपासणी करावी, ती शरीरातली सूज दाखवते. घरात गुळगुळीत फरशी असेल तर गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा, घसरला की दुखऱ्या सांध्याला हिसका बसतो. उसाच्या फडात पळायला सोडणं सध्या बंद.

प्रश्न (हिंदवाडी): मी अंधश्रद्धाळू नाही, पण फक्त ॲलोपॅथीवरही माझं समाधान होत नाही. दोन्ही उपचार जबाबदारीनं एकत्र करायचे असतील तर कसं करावं? ॲक्युपंक्चरही करून घ्यावं का?

उत्तर: असं विचारून करणारे लोक मला आवडतात. आधी निदान पक्कं हवं, म्हणजे सांध्यातलं पाणी तपासलेलं आणि गोचिडाचे आजार बाजूला सारलेले. मग स्टिरॉइडनं आजार बसू द्या. पहिल्या काही आठवड्यांत नवीन काहीच जोडू नका, नाहीतर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं ते कुणालाच कळणार नाही. चिनी वनौषधी देणारी व्यक्ती नोंदणीकृत पशुवैद्यक असली पाहिजे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणी असलेल्यांनीच करायचा असतो. जगभरात पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर चिनी पशुवैद्यक रीतसर शिकणारे डॉक्टर आहेत. सल्ला त्यांचा घ्या, दुकानदाराचा नको.

औषधाच्या डबीवर प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव, प्रमाण, बॅच आणि तारीख हवी. ती डबी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि स्टिरॉइडचा कागद चिनी औषध देणाऱ्यांना. एका डॉक्टरांचं दुसऱ्यांपासून लपवू नका. सुरू करण्याआधी यकृत, मूत्रपिंड, पोटॅशियम आणि रक्तपेशी तपासा, आणि सुरू केल्यावर पुन्हा तपासा. किती दिवसांनी, ते डॉक्टर सांगतील. एक जेवण चुकलं किंवा उलटी झाली तर नवीन औषध थांबवा आणि फोन करा. या सगळ्यात प्रेडनिसोलोनच्या मात्रेला हात लावायचा नाही.

ॲक्युपंक्चरनं वेदनेला थोडा आराम मिळू शकतो आणि मुळ्यांपेक्षा त्यात धोका कमी. पण प्लेटलेट कमी असतील तर सुया नकोत, आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असताना सुई निर्जंतुक आहे का ते डोळ्यांनी बघून घ्या. आजार थांबवायचं काम त्याचं नाही.

प्रश्न (उगार): एक जण मोबाइलवर कुत्र्याचा व्हिडिओ आणि लघवीचा रंग बघून चिनी औषध घरपोच पाठवतो. आगाऊ पैसे मागतो. पाठवावेत का?

उत्तर: नाही. हात न लावता सांध्याचा आजार ठरवणारा माणूस तुमच्या पैशावर डोळा ठेवून आहे.

प्रश्न (कॅम्प): आमच्या कुत्र्याची रेबीजची लस या महिन्यात आहे. या आजारासाठी औषधं चालू असल्यानं डॉक्टर म्हणाले थोडं थांबू. शेजारी म्हणतात लस चुकली तर पालिकेचे लोक येतील. आणि गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांची भीती वाटते ती वेगळीच.

उत्तर: तुमच्या डॉक्टरांचं ऐका. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना जिवंत विषाणूंच्या लसी टाळतात. रेबीजची लस मृत विषाणूची असते, तरीही ती कधी द्यायची हे आजार किती बसलाय आणि मात्रा किती आहे यावर ठरतं. डॉक्टरांकडून पुढची नक्की तारीख आणि पुढे ढकलण्याचं कारण फाइलवर लिहून घ्या, तोंडी नको. तोवर कुत्रा साखळीशिवाय गेटबाहेर जाता कामा नये. मोकाट कुत्रा तुमच्या कुत्र्याला चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि प्रतिकारशक्ती दाबायची औषधं चालू आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा. त्या मोकाट कुत्र्याची लाळ किंवा ओरखडा घरातल्या कुणाला लागला असेल तर त्यांनीही त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लसीबद्दल विचारावं.